पाहुण्यांसाठी भाजलेलं ठेचा-पनीर: तव्याला चिकटू नये, रबर होऊ नये म्हणून

उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर पाहुणे बोलवायचे, जेवणाआधी काहीतरी भाजलेलं, चटपटीत, शाकाहारी द्यायचं, म्हणजे बहुतेक घरांत पनीर ठरतं. आणि दुसऱ्या दिवशी दोनपैकी एक तक्रार ऐकू येते. एक, ‘मसाला सगळा तव्यावर राहिला आणि पनीर पांढरं ते पांढरंच.’ दोन, ‘तव्यावरून काढलं तेव्हा मस्त होतं, ताटात जाईपर्यंत खोडरबर.’

दोन्ही वेळा दोष मसाल्यावर ढकलला जातो आणि पुढच्या वेळी त्यात आणखी चार डबे रिकामे होतात. मसाल्यात कुणाचंच फारसं चुकत नाही. चुकतं ते पाण्यात आणि वेळेत. पनीरच्या वजनातला साधारण निम्मा भाग पाणी असतो. दही म्हणजे पुन्हा पाणी. मीठ लावलं की त्यातून आणखी पाणी सुटतं. हे सगळं कोमट तव्यावर ठेवलं की पनीर भाजलं जात नाही, उकडतं. म्हणून खाली भाजण्यापेक्षा भाजण्याआधीच्या कामांवर जास्त लिहिलं आहे. तव्यावरचं काम वडीमागे पाच मिनिटांचंही नाही.

आधी एक खुलासा: सगळीच चीज भाजता येत नाहीत

प्रोसेस्ड चीजचा क्यूब किंवा मोझरेला तव्यावर ठेवलात तर तो वितळून पसरणारच. ती त्याची चूक नव्हे. पनीर वितळत नाही, कारण ते तापवलेलं दूध आंबट पदार्थाने फाडून केलेलं असतं. अशा तऱ्हेने बांधली गेलेली प्रथिनं उष्णतेने सैल होऊन वाहत नाहीत. उलट जास्त वेळ तापली की आवळली जातात, आतलं पाणी बाहेर ढकलतात आणि घट्ट होतात. पनीर जळण्याआधी रबर होतं ते यामुळे. हलुमी नावाचं सायप्रसचं चीजही असंच भाजता येतं. हल्ली ते पुण्यातल्या मोठ्या दुकानांत मिळतं, पण त्याचे नियम वेगळे आहेत. ते शेवटी सांगते.

साहित्य (८ जणांसाठी, माणशी ३ वड्या)

पनीर ६०० ग्रॅम, चक्का १५० ग्रॅम, हिरव्या मिरच्या ८ (लवंगी असतील तर ४), लसणाच्या पाकळ्या १०, जिरं १ चमचा, कोथिंबीर देठांसकट एक मूठ, भाजलेलं डाळीचं पीठ २ मोठे चमचे, हळद पाव चमचा, शेंगदाण्याचं तेल २ मोठे चमचे आणि तव्यासाठी वेगळं थोडं, मीठ दीड चमचा (दोनदा विभागून), शेवटी पिळायला एक लिंबू.

चमचा म्हणजे पोह्यांचा नव्हे, मोजायचा ५ मिलीलिटरचा. मोठा चमचा १५ मिलीलिटरचा.

## १. पनीर आणताना

डेअरीतलं सुटं पनीर मिळालं तर उत्तम, कारण हवं तसं कापून मिळतं. पाकिटातलं घेतलंत तर थंड फळीवरचं घ्या, तारीख बघा आणि पाकिटात पाणी साचलेलं नाही ना तेही बघा. ‘मलई’, ‘सॉफ्ट’ असं लिहिलेलं पनीर भाजीत छान लागतं, तव्यावर मात्र उलटताना मोडतं. गोठवलेलंही नको. गोठताना आतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पनीर सुटल्यावर ते भुसभुशीत, सच्छिद्र होतं. मग लेप लावेपर्यंतच कोपरे झडायला लागतात.

*तपासा:* अंगठ्याने हलकं दाबा. खळगा पडून परत वर आला पाहिजे. अंगठा आत रुतला तर पनीर फार मऊ आहे. अजिबात दबलं नाही तर ते शिळं तरी आहे किंवा घरी गेल्यावर रबर होणार हे नक्की.

पनीरच्या नावाखाली वनस्पती तेल आणि स्टार्च वापरून केलेला माल मिळतो. तो भाजायला गेलं की त्याला तेल सुटतं आणि चव पिठूळ लागते. शंका असेल तर छोटा तुकडा थोड्या पाण्यात उकळा, गार होऊ द्या आणि आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला तर स्टार्च आहे. मात्र निळा आला नाही म्हणजे माल शुद्ध असं समजू नका. या चाचणीत वनस्पती तेल सापडत नाही.

भर दुपारी मंडईतून बाकीची खरेदी करत पनीर पिशवीत घेऊन फिरू नका. मे महिन्यात पुण्यात पारा ३८-४० वर असतो. पनीर सगळ्यात शेवटी घ्या आणि सरळ घरी आणा.

## २. वड्या पाडा आणि पाणी काढा

हीच पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून इथे जरा थांबू.

आधी आकाराचं. हॉटेलातल्यासारखे चौकोनी ठोकळे करायचा मोह आवरा. ठोकळ्याला सहा बाजू असतात. तंदूरमध्ये चहूबाजूंनी आच मिळते, तुमच्या तव्यावर फक्त खालून. सहा बाजू फिरवत बसलात तर पहिली बाजू जळते, सहावी कच्ची राहते आणि मधलं पनीर घट्ट होऊन बसतं. चपट्या वड्या पाडा: साधारण ४ × ४ सेंटीमीटर, जाडी दीड सेंटीमीटरच्या आतबाहेर. म्हणजे एक वडी २५ ग्रॅमच्या आसपास येते आणि ६०० ग्रॅममध्ये २४ वड्या बसतात. २०० ग्रॅमचं पाकीट असेल तर तो ठोकळा आधी आडवा चिरून दोन थर करा आणि प्रत्येक थराच्या चार वड्या पाडा. एक सेंटीमीटरपेक्षा पातळ करू नका, उलटताना तुटतात. नारळाच्या वड्या पाडताना असतो तसा सरळ, एका दमात सुरीचा दाब हवा. करवतीसारखी सुरी चालवली की कडा खडबडीत होतात आणि नेमक्या तिथेच चिकटतात.

आता पाणी.

(अ) वड्यांना दोन्ही बाजूंनी मिळून १ चमचा मीठ हलक्या हाताने चोळा.
(आ) ताटात जाड सुती फडकं पसरा. जुना धुतलेला पंचा किंवा धोतराचा तुकडा सगळ्यात चांगला. त्यावर वड्या एकाच थरात, एकमेकींना न चिकटता मांडा.
(इ) वरून फडक्याचीच घडी घाला, त्यावर दुसरं ताट आणि ताटावर किलोभराचं वजन ठेवा. तांदळाचं पाकीट पुरतं. वरवंटा ठेवू नका, एका बाजूला कलंडतो आणि वड्यांचा चिवडा होतो.
(ई) अर्धा तास थांबा. मे महिन्यात हे ताट फ्रिजमध्येच ठेवा.

मीठ इथे दोन कामं करतं. पृष्ठभागावरचं पाणी बाहेर ओढतं आणि पनीरला आतून चव देतं. ‘लेप चविष्ट, पनीर अळणी’ ही तक्रार यानेच जाते. पुष्कळ जण मऊ व्हावं म्हणून पनीर गरम पाण्यात भिजवतात. भाजीसाठी ते ठीक. भाजायच्या पनीरच्या बाबतीत मात्र एका हाताने पाणी काढायचं आणि दुसऱ्या हाताने घालायचं असं होतं.

*तपासा:* वडी कोरड्या कागदावर दहा सेकंद ठेवा. कागदाला ओला चौकोन उमटला तर फडकं बदलून आणखी दहा मिनिटं दाबा. नुसता दमट डाग दिसला तर पुढे चला.

## ३. लेप: ठेचा आणि चक्का

चक्का का, तर पुण्यात तो आयता मिळतो. पाडव्याच्या श्रीखंडासाठी आपण ज्या डेअरीतून आणतो, तिथे उन्हाळाभर असतो. नुसतं दही घेतलंत तर लेप पातळ होऊन वाहतो आणि तव्यावर पांढरं पाणी सुटतं. घरचं दही वापरायचं असेल तर अर्धा किलो दही फडक्यात बांधून चार-पाच तास टांगा, पण फ्रिजमध्ये, चाळणीत ठेवून. मे महिन्यात ओट्याच्या नळाला टांगलेलं दही संध्याकाळपर्यंत इतकं आंबतं की मग साखर घालायची वेळ येते, आणि साखर तव्यावर सगळ्यांच्या आधी काळी पडते.

*तपासा:* चक्क्यात चमचा उभा करा आणि सोडा. चमचा उभा राहिला तर चक्का योग्य. कलंडला तर आणखी तासभर टांगा.

क्रम असा ठेवा:

(अ) मिरच्या, लसूण आणि जिरं कोरड्या तव्यावर डाग पडेपर्यंत परता. गार झाल्यावर कोथिंबिरीच्या देठांसकट जाडसर कुटा. मिक्सर चालेल, पण पाण्याचा थेंब नको आणि गंधासारखं बारीकही नको. या ठेच्यात दाणे घालू नका. मला दाण्यांशिवाय ठेचा पटत नाही, पण तव्यावर पनीरला रंग यायच्या आत दाणे जळून कडू होतात. हवे असतील तर कूट वाढताना वरून भुरभुरवा, आणि कुणाला दाणे चालत नाहीत का ते आधी विचारा. शेंगदाण्याच्या तेलाबद्दलही तेव्हाच विचारून घ्या.

(आ) डाळीचं पीठ मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा. हे टाळू नका. वडी तव्यावर चार मिनिटं असते, तेवढ्यात कच्चं पीठ शिजत नाही आणि घशाला चिकटतं. पीठ दोन गोष्टींसाठी आहे: चक्क्यात उरलेलं पाणी शोषायला आणि लेपाला पनीरवर पकड द्यायला. दोन चमच्यांचे चार केलेत तर भजी होतात.

(इ) आधी तेल, हळद आणि ठेचा एकत्र करा. मग त्यात चक्का, मग पीठ. तेलात आधी कालवलेला मसाला सगळीकडे सारखा लागतो आणि लेप तव्यावरून सुटायलाही तेलाचीच मदत होते.

(ई) उरलेलं अर्धा चमचा मीठ लावायच्या अगदी आधी घाला. लिंबू आत्ता नको, आमचूर नको, व्हिनेगर तर नकोच. चक्क्याचा आंबटपणा पुरतो. लिंबाने लेप पुन्हा पातळ होतो.

*तपासा:* चमच्याच्या पाठीवर लेप घ्या आणि चमचा उलटा धरा. पाच सेकंदांत पडला नाही पाहिजे. पडला तर अर्धा चमचा भाजलेलं पीठ आणखी, एकदाच. त्यानेही नाही जमलं तर चक्का ओला होता. पिठाने तो दोष झाकू नका, लेप फडक्यात बांधून वीस मिनिटं टांगा.

पाहुण्यांत लसूण न खाणारं कुणी असेल तर लसणाआधीच ठेच्याचा एक वाटा बाजूला काढा. त्यात लसणाऐवजी चिमूटभर हिंग आणि थोडं आलं चालतं. पण जैन पाहुणे असतील तर आलंही नको, हिंगावर भागवा. या वड्या पहिल्या घाण्यात भाजा, म्हणजे तवा लसणाचा झालेला नसतो.

## ४. लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा

पातेल्यात लेप आणि त्यात सगळ्या वड्या टाकून कालवू नका. अर्ध्या मोडतील. एकेक वडी हातात घ्या आणि दोन्ही बाजूंना बोटाने पातळ लेप लावा, पोळीला तूप लावतो त्याहून थोडा जाड. पांढरं पनीर अस्पष्ट दिसलं तरी हरकत नाही. जाड लेप बाहेरून जळतो, आतून ओला राहतो आणि उलटताना पनीर सोडून तव्याशी संसार मांडतो. कडांना लेप लावायची गरज नाही.

वड्या ताटात एकाच थरात ठेवा, वरून सैल झाकण, आणि फ्रिजमध्ये ४५ मिनिटं ते दीड तास. तेवढं पुरे.

*सावधान:* रात्रभर मुरवायचा सल्ला मांसाच्या पदार्थांवरून आलाय. पनीरमध्ये मसाला पृष्ठभागाच्या आत फारसा शिरत नाही, मग एक तास ठेवा की बारा. बारा तासांत होतं एवढंच, की मिठाने पाणी सुटून ताटात तळं साचतं आणि अर्धा दिवस खपून कोरडी केलेली वडी परत ओली होते. सकाळी घाईत करायचं असेल तर ठेचा, भाजलेलं पीठ आणि चक्का वेगवेगळे तयार ठेवा. एकत्र मात्र संध्याकाळीच करा.

## ५. चटणी, वड्या फ्रिजमध्ये असतानाच

एक मध्यम कैरी (साल काढून साधारण दीडशे ग्रॅम), वाटीभर पुदिन्याची पानं, अर्धी वाटी कोथिंबीर, २ मिरच्या, सुपारीएवढा गूळ, अर्धा चमचा भाजलेलं जिरं, मीठ. पाण्याऐवजी बर्फाचे दोन खडे घालून वाटा. मिक्सरच्या उष्णतेने पुदिना काळवंडतो तो बर्फाने आवरतो. ही चटणी आदल्या दिवशी करू नका. कैरीच्या आंबटपणाने हिरवा रंग काही तासांत शेवाळी होतो, मग चव तीच असूनही वाटीला कुणी हात लावत नाही. कैरी फार आंबट निघाली तर गूळ वाढवा, मीठ नको. पनीरला मीठ आहेच.

## ६. तवा

बिडाचा तवा हवा, जाड बुडाचा. पुण्यात तुळशीबाग-बोहरी आळीच्या बाजूला मिळतो. नवा असेल तर पाहुणे यायच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका. आधी आठवडाभर त्यावर तेल लावून धिरडी, घावन, थालीपीठ होऊ द्या, म्हणजे तो मुरतो. रेघा उमटवणारं ग्रिल पॅन असेल तर त्यावरही होतं. फोटो सुंदर येतो, पण लेप खाचांमध्ये बसतो आणि वडीला आच फक्त रेघांपुरती लागते. माझं मत सपाट तव्याला.

*सावधान:* नॉनस्टिक तवा रिकामा ठेवून मोठ्या आचेवर तापवू नका. त्याचा थर अति उष्णतेने खराब होतो आणि त्यातून निघणारा धूर घरात नको. नॉनस्टिकच वापरायचा असेल तर आधी तेल, मग मध्यम आच, आणि रंग थोडा कमी येईल हे आधीच मान्य करा.

बिडाचा तवा मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं तापवा. लगेच मोठी आच केली तर मधोमध फार तापतो आणि कडा थंड राहतात. मग आच थोडी वाढवा आणि कांद्याच्या अर्ध्या फोडीने (जैन पाहुण्यांचा घाणा असेल तर स्वच्छ फडक्याने) तेल पुसून घ्या. डोशाला करतो तसंच. तेलाची पातळ झिलई हवी, ओघळ नको.

वड्या फ्रिजमधून पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा. अगदी थंड वडीने तव्याचा ताव उतरतो. पण पंधरा म्हणजे पंधराच, गप्पांच्या नादात तासभर नव्हे.

*तपासा:* एक वडी आधीच बळी द्यायची ठरवा, मोडकी असेल ती (बिनलसणाचा घाणा आधी असेल तर त्यातलीच). तव्यावर ठेवल्याबरोबर चर्र आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर ती काढा, तवा आणखी दोन मिनिटं तापवा. आवाजाबरोबर धूरही निघाला तर आच कमी करून मिनिटभर थांबा. ही वडी स्वयंपाक करणाऱ्याने खायची. मीठ-तिखटाचा अंदाज इथेच येतो, अजून तेवीस वड्या हातात आहेत.

## ७. भाजणं

(अ) दहा इंची तव्यावर एका घाण्यात सहा वड्या. सात नाही, आठ तर नाहीच. दोन वड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा. वड्या खेटून ठेवल्या की निघणारी वाफ मध्येच अडकते आणि पुन्हा तेच उकडणं सुरू होतं.

(आ) ठेवल्यावर हात लावू नका. दाबू नका, सरकवू नका, खालून डोकावू नका. पुष्कळ लोक कालथ्याने वडी दाबतात, आवाज छान येतो म्हणून. तो आवाज वडीतून पिळून निघणाऱ्या पाण्याचा असतो.

(इ) दोन मिनिटांनी एका वडीचा कोपरा पातळ धारेच्या कालथ्याने हलका उचलून बघा. सहज सुटली आणि तपकिरी डाग दिसले तर उलटा. धरून राहिली तर ती अजून तयार नाही. अर्ध्या मिनिटाने परत बघा. भाजलेला लेप स्वतःहून सुटतो, कच्चा लेप चिकटतो. चिमट्याने ओढून काढलात तर मसाला तव्याचा आणि पनीर तुमचं.

(ई) दुसऱ्या बाजूला थेंबभर तेल सोडा आणि दीड मिनिट ठेवा. या बाजूला पहिल्याइतका रंग येत नाही, येऊ देण्याचा हट्टही करू नका. एकूण चार मिनिटं, फार तर साडेचार. झाकण कधीही नको.

(उ) घाणा काढल्यावर तव्यावरची काळी बुरबुर कालथ्याने खरवडा, कोरड्या फडक्याने पुसा, परत कांदा फिरवा. हे तीस सेकंदांचं काम सोडलंत तर दुसऱ्या घाण्याला जळका वास लागतो आणि चौथा घाणा खाण्यासारखा राहत नाही.

चार घाणे म्हणजे खरवडणं, तापणं धरून जवळजवळ पंचवीस मिनिटं. हे गणित आधी करून ठेवा, कारण पुढची पायरी त्यावरच उभी आहे.

## ८. वाढणं

सगळ्या वड्या भाजून, ढीग रचून, मग ताट घेऊन गच्चीवर जायचं, हा क्रम चुकीचा आहे. पहिला घाणा तोवर वीस मिनिटं जुना झालेला असतो. वरच्या वड्यांच्या वाफेने खालच्या ओल्या होतात आणि गार झालेलं पनीर घट्ट होतं. मी दोन वर्षांपूर्वी हेच केलं होतं. चाळीस वड्या भाजल्या, सजवल्या, वर गेले, तर वळवाचा पाऊस आला. सतरंज्या, ताटं, आजेसासूबाईंची खुर्ची हे सगळं खाली आणेपर्यंत पाऊण तास गेला. नंतर ते पनीर मुलांनी एकमेकांना मारायला वापरलं. त्यांना फारसं रागवताही आलं नाही.

म्हणून घाणा निघाला की तो लगेच वर जाऊ द्या. सहा वड्या, एक ताटली, पाच मिनिटांत संपल्या पाहिजेत. वर वाढायला एक माणूस ठेवा, घरातला कॉलेजवाला पोरगा किंवा भाची. तव्याजवळच्या माणसाने वाढायलाही जायचं ठरवलं की एक तरी घाणा जळतोच. लिंबू वरून, वाढतानाच पिळा. चटणी वाटीत वेगळी. वडीवर ओतून नेलीत तर वर पोहोचेपर्यंत लेप मऊ पडतो.

तवा कधी चढवायचा, हाही प्रश्न येतो. साडेसातला बोलावलंय म्हणून साडेसातला नव्हे. पाहुणे आले, बसले, हातात पन्हं गेलं, उन्हाळ्याबद्दल दोन वाक्यं बोलून झाली, की तवा चढवा. पहिला घाणा दहा मिनिटांत त्यांच्यासमोर येतो.

*सावधान:* लेप लावलेल्या कच्च्या वड्या तव्याशेजारी सगळ्या एकदम काढून ठेवू नका. दुधाचे पदार्थ बाहेर फार तर दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, हा हिशेब पाळा. गॅसजवळचा ओटा संध्याकाळीही ३२ च्या वरच असतो. एका वेळी दोन घाण्यांपुरत्याच बाहेर, बाकीच्या फ्रिजमध्ये.

गच्चीवर कोळशाची शेगडी लावणार असाल तर

धुराचा वास हवा असेल तर शेगडीला पर्याय नाही, पण पद्धत थोडी बदलते. सोसायटीच्या गच्चीवर शेगडी चालते का, हे आधी विचारा. शेजारी वाळूची किंवा पाण्याची बादली ठेवा. कोळसा पेटवायला रॉकेल वापरू नका, त्याचा वास पनीरला धरतो. कापूर किंवा कागदाच्या सुरळ्यांनी पेटवा आणि कोळशांवर राखाडी थर येईपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास, थांबा. ज्वाळा दिसत असताना भाजणं म्हणजे काजळी खाणं. हात जाळीच्या उंचीवर धरून बघा. तीन-चार सेकंदांत चटका असह्य झाला तर आच योग्य आहे.

जाळीवर वड्या सुट्या ठेवू नका, खाली पडतात. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा आणि प्रत्येक वडीतून दोन समांतर काड्या घाला. एका काडीवर वडी गरगर फिरते, उलटलं तरी तीच बाजू खाली राहते. मध्ये कांदा किंवा ढोबळी मिरची लावायचा मोह होतो. तो टाळलेला बरा, कारण मिरचीला सहा-सात मिनिटं लागतात आणि पनीरला चार. भाज्यांची वेगळी काडी करा.

*सावधान:* पाऊस आला म्हणून पेटती शेगडी उचलून बंद बाल्कनीत किंवा घरात आणू नका. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याचा वास येतो, आणि तो जीवघेणा आहे. शेगडी वरच राहू द्या. पनीर खाली आणा आणि तव्यावर भाजा.

हलुमी आणलं असेल तर

वरच्यातलं जवळजवळ सगळं विसरा. हलुमी मिठाच्या पाण्यात ठेवलेलं असतं, त्यामुळे मीठ नको, ठेचा-चक्का नको, मुरवणं नको. फार खारट वाटलं तर कापून अर्धा तास साध्या पाण्यात ठेवा. दाबून पाणी काढायची गरज नाही, नुसतं नीट पुसा. सेंटीमीटरभर जाडीचे काप, तापलेला तवा, तेल जवळजवळ नाहीच, बाजूला दीड-दोन मिनिटं. तयार करताना ते निवळीत (चीज करताना सुटलेल्या पाण्यात) उकळीच्या जवळपास तापवलेलं असतं, म्हणून पनीरसारखंच वितळत नाही आणि त्याला रंग भराभर येतो. लिंबू पिळा आणि थंड कलिंगडाच्या फोडीबरोबर द्या. खारट-गोड जोडी उन्हाळ्यात छान जमते. गार झालं की दाताखाली करकरतं, त्यामुळे हेही घाण्याघाण्याने वाढा.

शाकाहारी पाहुण्यांसाठी आणत असाल तर पाकीट उलटून बघा. चीज बांधायला वापरलं जाणारं रेनेट प्राण्यांपासूनही काढतात. हिरवा ठिपका आणि ‘मायक्रोबियल रेनेट’ असा उल्लेख असेल तरच घ्या. परदेशातून कुणी भेट म्हणून आणलेल्या पाकिटावर हिरवा ठिपका नसतो, तिथे घटकांची यादी वाचण्यावाचून इलाज नाही. आणि किंमत बघता माणशी एक काप पुरे. पोट पनीरने भरू द्या.

उरलं तर

भाजलेल्या वड्या दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, दगड होतात. कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, हाताने कुस्करा आणि कांदा-टोमॅटोवर परतून बुर्जी करा. ठेचा आत आहेच, तिखट घालायला नको. लेप लावलेल्या पण न भाजलेल्या वड्या फ्रिजमध्ये झाकून ठेवल्यात तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवा. त्यांना पाणी सुटलेलं असणार, म्हणून त्या पुन्हा तव्यावर भाजण्याच्या भानगडीत पडू नका. सरळ रश्शात सोडा.